साहेबाचे घर, नवे बिऱ्हाड
(वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे)

गेल्या अंकात या सदरात महाबळेश्वरच्या साहेबी बंगल्यांचा ओझरता उल्लेख आला होता. त्यावर सातारा-सांगलीकडून आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांनी बंगले बाजूला ठेवून थेट विलायतच गाठली. तिथल्या सरदारांची घरे आता कोणाकडे आहेत, त्यांच्या शाळा आणि हॉटेले कशी झाली, आणि त्यातून आपल्याला घेण्यासारखे काही आहे का, असा या पत्रांचा एकूण रोख आहे. त्यांतील निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. काही वाचकांनी नाव छापू नये अशी विनंती केली असल्यामुळे सर्वांचीच नावे गाळली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी इंग्लंडमध्ये शेफील्डला असते. तिने आम्हा उभयतांना वेंटवर्थ वुडहाउस नावाचा एक अवाढव्य वाडा दाखवला. तिकीट काढून आत गेलो, तर कित्येक दालने रिकामी आणि काही ठिकाणी भिंतींचे पोपडे निघालेले. इथे एके काळी कॉलेज होते, असे तिथल्या बाईंनी सांगितले. एवढ्या गडगंज लोकांना स्वतःची घरे का सांभाळता आली नाहीत? (निवृत्त बँक अधिकारी, सदर बझार, सातारा)

उत्तर : आपण पाहिलेले घर इंग्लंडमधील सर्वांत मोठ्या घरांपैकी एक आहे. त्याची पूर्वेकडील दर्शनी बाजू 606 फूट लांब आहे, म्हणजे एसटीच्या पंधरा-सोळा गाड्या एकीमागे एक उभ्या केल्या तर ती भरेल. खोल्या तीनशेच्या वर आहेत. अशी घरे बांधणाऱ्यांचा पैसा प्रामुख्याने जमिनीच्या खंडातून येत असे, आणि घराण्याचे नशीब चांगले असेल तर जमिनीखालच्या कोळशातूनही. 1870 च्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकेचा स्वस्त गहू आगबोटींनी इंग्लंडला येऊ लागला, धान्याचे भाव कोसळले, कुळांना खंड झेपेना, आणि वाड्याचा पायाच हलला. त्यावर 1894 मध्ये मृत्युकराचा नवा कायदा आला. मालक वारला की मिळकतीच्या किमतीवर वारसाने कर भरायचा. सुरुवातीला मोठ्यात मोठ्या मिळकतीवर हा कर शेकडा 8 होता, 1919 मध्ये तो शेकडा 40 झाला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर शेकडा 80 वर गेला. कर भरण्यासाठी आधी चित्रे विकायची, मग जमीन, आणि शेवटी जमिनीवाचून पोरके झालेले घर विकायचे, हा क्रम त्या काळी जवळपास ठरलेला होता. त्यातच पहिल्या महायुद्धानंतर नोकरचाकर मिळेनासे झाले. तीनशे खोल्यांतील शेगड्यांना रोज सकाळी कोळसा घालणारी माणसे कारखान्यांत आणि कचेऱ्यांत गेली, आणि परत आली नाहीत.

मग ही घरे पाडली जाऊ लागली. 1955 या एका वर्षात सरासरी दर पाच दिवसांनी एक मोठे घर जमीनदोस्त झाले, असे सांगितले जाते. 1974 मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने या विध्वंसावर प्रदर्शन भरवले. त्यात कोसळत्या खांबांच्या देखाव्यामध्ये गेलेल्या घरांची नावे एका संथ आवाजात वाचून दाखवली जात असत, एखाद्या घरी सुतकात नावे घ्यावीत तशी.

ज्यांना जमले त्यांनी दरवाजे उघडून तिकिटे लावली. लाँगलीट या वाड्याच्या मालकाने हा धंदा 1949 मध्ये सुरू केला आणि 1966 मध्ये आवारात चक्क सिंह आणून सोडले. बाकीच्या सरदारांनी आधी नाके मुरडली आणि नंतर स्वतःही तिकीटखिडक्या उघडल्या. काहींनी घर नॅशनल ट्रस्टला दिले. ही संस्था 1895 मध्ये स्थापन झाली. पुढे 1937 मध्ये कायद्यात झालेल्या बदलामुळे मृत्युकराऐवजी घर ट्रस्टला देण्याचा मार्ग खुला झाला, आणि लॉर्ड लोथियन यांचे नॉरफोकमधील ब्लिकलिंग हॉल हे 1940 मध्ये या योजनेत आलेले पहिले घर ठरले. मात्र ट्रस्टची एक अट आहे : घराबरोबर त्याच्या देखभालीपुरता निधीही द्यावा लागतो. धर्माच्या गाईचे दात पाहू नयेत असे आपण म्हणतो. हा ट्रस्ट दातही मोजतो आणि वैरणीचे पैसेही मागतो. त्यात त्याची चूक आहे असे मला वाटत नाही.

वेंटवर्थचा इतिहास तर याहून विचित्र आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर इंधनमंत्री इमॅन्युएल शिनवेल यांच्या आदेशावरून कोळशासाठी थेट घराच्या उंबऱ्यापर्यंत बाग खणून काढण्यात आली. पुढे सुमारे तीस वर्षे तिथे शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिका घडवणारे लेडी मेबल कॉलेज होते, म्हणजे आपल्याला सांगण्यात आले ते खरे आहे. संगमरवरी दालनात मुली कवायत करीत. 2017 मध्ये एका न्यासाने हे घर 70 लाख पौंडांना घेतले. मुंबईत समुद्राकाठचे दोन-तीन मोठे फ्लॅट या पैशात येतील. 606 फुटांचे घर एवढ्या कमी किमतीत का मिळाले, हे समजून घ्यायचे तर वर पाहावे लागते : छप्पर गळत होते. सरकारने तातडीच्या दुरुस्तीसाठी जे 76 लाख पौंड मंजूर केले ते घराच्या किमतीपेक्षा जास्त होते, आणि तेही पुरणारे नव्हते. न्यासाने पहिले काम छपराचेच हाती घेतले, आणि ते चालू असताना लोकांना परांचीवर चढवून ते दाखवण्याचेही तिकीट लावले! पोपडे निघालेली दालने आपल्याला खटकली असतील, परंतु रंगरंगोटी मागे ठेवून आधी छप्पर धरणारा व्यवस्थापक मला अधिक भरवशाचा वाटतो.

प्रश्न : मी पाचगणीच्या एका निवासी शाळेत शिकवते. आमची शाळा जुन्या बंगल्यांत भरते, म्हणून उत्सुकता आहे. विलायतेतही वाड्यांच्या अशा शाळा झाल्या का? (शिक्षिका, वाई)

उत्तर : पुष्कळ झाल्या, आणि माझ्या मते जुन्या घराला मानवणारा वापर शाळेइतका दुसरा नाही. बकिंगहॅमशायरमधील स्टो हे ड्यूकच्या घराण्याचे घर 1923 पासून शाळा आहे, आणि ती शाळा मिळाली नसती तर ते बहुधा पाडले गेले असते. दुसऱ्या महायुद्धात सरकार मोठी घरे सैन्यासाठी ताब्यात घेऊ लागले, तेव्हा चॅट्सवर्थ या वाड्याच्या मालक असलेल्या ड्यूकने सैनिक येण्याआधीच आपले घर पेनरॉस कॉलेज या मुलींच्या शाळेला देऊन टाकले. जवानांपेक्षा मुली घराची नासधूस कमी करतील, हा त्याचा हिशेब होता आणि तो खरा ठरला. 1939 ते 1946 या काळात राजेशाही दालनांत ओळीने खाटा लावून मुली झोपत. ज्यांनी सैन्याला घर दिले त्यांच्यापैकी अनेकांना जिन्याचे कठडे जळणासाठी तोडलेले आढळले.

शाळा मानवते याची कारणे साधी आहेत. शाळेला मोठ्या खोल्या मोठ्याच हव्या असतात, त्यामुळे मधे भिंती घालाव्या लागत नाहीत. मैदान लागते, ते असते. आणि न्हाणीघरे सामायिक चालतात. हा शेवटचा मुद्दा क्षुल्लक वाटेल, पण याच अंकात तो पुन्हा येणार आहे. पाचगणी हे गाव जॉन चेसन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वसवले ते आजारी आणि निवृत्त साहेबांना वर्षभर राहता यावे म्हणून. त्या बंगल्यांची पुढे वसतिगृहे झाली. अशाच एका वसतिगृहात मी भिंतीतल्या दगडी फायरप्लेसमध्ये मुलांचे बूट जोडीजोडीने मांडून ठेवलेले पाहिले आहेत. वर मँटलवर, म्हणजे फायरप्लेसवरच्या लाकडी फळीवर, दात घासण्याचे ब्रश होते. ज्या सुताराने तो मँटल कोरला त्याला वाईट वाटले असते असे मला वाटत नाही. लाकूड शाबूत होते.

प्रश्न : आमचे पणजोबा पहिल्या महायुद्धात जखमी होऊन विलायतेत राजाच्या महालात उपचार घेत होते, अशी घरात आख्यायिका आहे. असे काही खरोखर होते का? (वाचक, अपशिंगे मिलिटरी, ता. सातारा)

उत्तर : महाल खरा आहे. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर ब्रायटन येथे रॉयल पॅव्हिलियन नावाची वास्तू आहे. पुढे चौथा जॉर्ज म्हणून गादीवर आलेल्या राजपुत्रासाठी जॉन नॅश या वास्तुविशारदाने 1815 नंतर तिला कांद्याच्या आकाराचे घुमट आणि मिनार चढवून हिंदुस्थानी थाट दिला. व्हिक्टोरिया राणीला ती आवडली नाही आणि 1850 मध्ये ती ब्रायटन शहराला विकण्यात आली. म्हणजे 1914 मध्ये ती राजाची नव्हे, नगरपालिकेची होती. परंतु जखमी हिंदी जवानांना राजाच्या महालात ठेवले आहे ही बातमी हिंदुस्थानात पोचावी, यात सरकारला रस होता, आणि आपल्या घरातील आख्यायिका त्याच प्रचाराचा शंभर वर्षे टिकलेला धागा असावा.

डिसेंबर 1914 पासून तिथे हिंदी जवानांचे इस्पितळ चालले. मेजवानीच्या आणि संगीताच्या दालनांत झुंबरांखाली खाटा लागल्या, आणि मुख्य मुदपाकखान्याची शस्त्रक्रियेची खोली झाली. निरनिराळ्या धर्मांच्या आणि जातींच्या जवानांसाठी नऊ वेगळी स्वयंपाकघरे आवारात उभारण्यात आली, आणि वॉर्डांत हिंदू व मुसलमान यांचे पाण्याचे नळही वेगळे होते. जे हिंदू आणि शीख जवान वाचले नाहीत त्यांपैकी 53 जणांवर गावाबाहेरच्या टेकडीवर अंत्यसंस्कार झाले. तिथे पांढऱ्या संगमरवराची छत्री आहे, तिचे अनावरण 1921 मध्ये झाले.

आता आपल्या पणजोबांविषयी थोडे सावधपणे लिहितो. ते मराठा पायदळाच्या पलटणीत असतील तर ब्रायटनची शक्यता कमी आहे, कारण त्या पलटणी मुख्यतः मेसोपोटेमियात, आजच्या इराकमध्ये, लढल्या. कूत-अल-अमाराच्या वेढ्यात 103, 110 आणि 117 क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. ते खडकीच्या सॅपर्समध्ये, म्हणजे सैन्याच्या अभियंता दलात, असतील तर मात्र गोष्ट वेगळी. त्यांच्या तुकड्या फ्रान्समध्ये होत्या आणि फ्रान्सचे जखमी ब्रायटनला जात. 1915 अखेर हिंदी पायदळ फ्रान्समधून हलवले गेले, म्हणून जानेवारी 1916 मध्ये हे इस्पितळही बंद झाले. घरात त्यांचे पदक असेल तर त्याच्या कडेवर नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. भिंग घेऊन ती कड एकदा वाचावी.

प्रश्न : रंगो बापूजी सातारच्या छत्रपतींची दाद मागण्यासाठी लंडनमध्ये कंपनीच्या ज्या कचेरीत खेटे घालत होते, ती इमारत आज कशासाठी वापरतात? (वाचक, कोरेगाव)

उत्तर : ती इमारतच राहिलेली नाही. लेडनहॉल स्ट्रीटवरील ईस्ट इंडिया हाउस कंपनीचे राज्य गेल्यावर निरुपयोगी ठरले आणि 1860 च्या दशकाच्या सुरुवातीस पाडण्यात आले. प्रतापसिंह महाराजांचे वकील म्हणून रंगो बापूजींनी जिथे तेरा-चौदा वर्षे उंबरे झिजवले, त्या जागी आज लॉइड्स या विमाबाजाराची पोलादी नळ्या बाहेर काढलेली इमारत आहे. ती 1986 ची असूनही 2011 मध्ये पहिल्या श्रेणीच्या वारसा यादीत गेली. कंपनीच्या कचेरीला ते भाग्य लाभले नाही, याचे सातारकरांनी फारसे दुःख करू नये.

प्रश्न : लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकावरील हॉटेल बंद पडून पाऊणशे वर्षांनी पुन्हा हॉटेल म्हणूनच सुरू झाले, असे वाचले. चालत होते तर बंद का पडले, आणि बंद पडले तर पाडले का नाही? (वास्तुकलेचा विद्यार्थी, विश्रामबाग, सांगली)

उत्तर : बंद पडले ते न्हाणीघरांमुळे, असे एका वाक्यात सांगता येईल. मिडलंड ग्रँड हॉटेल 1873 मध्ये उघडले. त्याचे वास्तुविशारद जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी मुंबईला पाऊल न लावता मुंबई विद्यापीठाचे दीक्षान्त सभागृह आणि राजाबाई टॉवर यांचे आराखडे पाठवले होते, त्यामुळे आपण कोयना एक्सप्रेसने मुंबईला उतरून फोर्टात चक्कर मारलीत तर त्यांचा हात ओळखता येईल. त्या काळी हॉटेलात लिफ्ट होती, सोन्याचा मुलामा होता, आणि सुमारे तीनशे खोल्यांमध्ये मिळून न्हाणीघरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. पाहुण्याला स्नान करायचे असेल तर मोलकरीण खोलीत घंगाळ आणि गरम पाणी नेऊन ठेवी. 1873 मध्ये त्यात कोणालाच कमीपणा वाटत नव्हता. पुढच्या पिढीतील प्रवाशाला खोलीला लागून न्हाणीघर हवे झाले, आणि इथे आगीपासून संरक्षण म्हणून केलेले भक्कम, जाड मजले आडवे आले. त्यांतून नळ आणि सांडपाण्याची वाट काढणे अतोनात खर्चाचे होते. जी मजबुती अभिमानाने मिरवली तिनेच हॉटेलचा घात केला. 1935 मध्ये ते बंद झाले आणि त्याच्या खोल्यांत रेल्वेचे कारकून बसू लागले.

1960 च्या दशकात ते पाडण्याचे घाटत होते. परंतु त्याआधी शेजारच्या यूस्टन स्थानकाची भव्य कमान लोकांच्या विरोधाला न जुमानता पाडली गेली होती, आणि तो सल ताजा होता. कवी जॉन बेट्जमन आणि व्हिक्टोरियन सोसायटी यांनी आवाज उठवला. 1967 मध्ये इमारत पहिल्या श्रेणीच्या यादीत गेली, म्हणजे पाडणे टळले. वापर मात्र कोणी देऊ शकले नाही. आगीच्या नियमांत बसत नसल्यामुळे 1980 च्या दशकात कचेऱ्याही गेल्या आणि इमारत रिकामी उभी राहिली. यादीत नाव आले की वास्तू वाचली असे समजणाऱ्यांनी ही मधली वर्षे लक्षात ठेवावीत. 2007 मध्ये स्थानकावर पॅरिसच्या गाड्या येऊ लागल्या, आणि 2011 मध्ये हॉटेल पुन्हा उघडले.

आपण शिकत आहात म्हणून एक गोष्ट जवळून पाहावी असे सुचवतो : न्हाणीघरांचा प्रश्न त्यांनी सोडवला कसा? जुन्या इमारतीत मोजके मोठे सूट आणि वरच्या भागात राहण्याचे फ्लॅट ठेवले, आणि बहुतेक खोल्या मागे बांधलेल्या नव्या भागात काढल्या. जुन्या भिंतींना झेपतील तेवढेच नळ त्यांच्यावर लादले. जुन्या तिकीटघरात बार आहे. योगायोग असा की नॉर्थंबरलँड अव्हेन्यूवरील 1885 चे मेट्रोपोल हॉटेल, जे दोन्ही महायुद्धांत सरकारने कचेऱ्यांसाठी घेतले आणि नंतर अनेक दशके सरकारी खात्यांकडेच राहिले, तेही 2011 मध्येच कॉरिंथिया या नावाने पुन्हा हॉटेल झाले.

प्रश्न : भाच्याचे लग्न इंग्लंडमधील एका जुन्या गढीत झाले. अशा ठिकाणी लग्ने कधीपासून लावतात? (वाचक, मिरज)

उत्तर : इंग्लंड आणि वेल्समध्ये नोंदणी पद्धतीचे लग्न पूर्वी नोंदणी कचेरीतच लावावे लागे. 1994 च्या कायद्याने मान्यताप्राप्त इतर जागांनाही परवानगी दिली, आणि 1995 पासून जुन्या घरांना उत्पन्नाची नवी वाट मिळाली. अनेक घरांची छपरे आज शनिवारच्या लग्नांवर उभी आहेत. आपल्याकडील वाड्यांची मंगल कार्यालये त्याच्या पुष्कळ आधी झाली होती, हेही नोंदवून ठेवतो.

प्रश्न : भारतीय उद्योगपतींनी लंडनजवळचे स्टोक पार्क आणि लंडनमधील जुने युद्ध कार्यालय विकत घेतल्याचे वाचून अभिमान वाटला. दुसरीकडे, महाराष्ट्र शासनाने घेतलेल्या डॉ. आंबेडकरांच्या लंडनमधील घराला तिथल्या पालिकेने हरकत घेतली होती, हे वाचून वाईट वाटले. स्वतःच्या मालकीच्या घराचे आपण काहीही करू शकत नाही का? (वाचक, सातारा)

उत्तर : नाही, आणि मालक कोणीही असला तरी नाही. इंग्लंडमध्ये सुमारे चार लाख नोंदी असलेली वारसा यादी आहे. तिच्या पहिली, तारांकित दुसरी आणि दुसरी अशा तीन श्रेणी असून शेकडा 90 हून अधिक इमारती सर्वांत खालच्या, म्हणजे साध्या दुसऱ्या श्रेणीत आहेत. यादीतील इमारतीत भिंत पाडायची किंवा खिडकी बदलायची तर आधी संमती घ्यावी लागते. विनासंमती काम हा गुन्हा आहे. स्टोक पार्क रिलायन्स समूहाने 2021 मध्ये 5 कोटी 70 लाख पौंडांना घेतले. ते अठराव्या शतकातील घर 1908 पासून क्लब होते. व्हाइटहॉलमधील 1906 चे युद्ध कार्यालय हिंदुजा समूहाने 250 वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतले आणि 2023 मध्ये तिथे रॅफल्स हॉटेल उघडले. चर्चिल ज्या कचेरीत बसत तिथे आता पैसे भरून राहता येते. दोन्ही ठिकाणी यादीचे नियम लागू आहेतच.

आंबेडकरांच्या घराचा प्रश्न मात्र भिंतींचा नव्हता, वापराचा होता. 10, किंग हेन्रीज रोड या घरात ते 1921-22 मध्ये राहत होते. 2015 मध्ये महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात स्मारक म्हणून त्याचे उद्घाटन झाले. शेतजमिनीवर बांधकाम करायचे तर आपल्याकडे जसे एनए लागते, तसे तिथे राहत्या घराचे संग्रहालय करायचे तर वापरबदलाची परवानगी लागते, आणि ती आधी घेतलेली नव्हती. राहण्याची एक जागा कमी होते, या कारणावरून कॅम्डन पालिकेने ती नाकारली. काही शेजाऱ्यांनी गर्दीची तक्रार केली. प्रकरण सार्वजनिक चौकशीपर्यंत गेले आणि मार्च 2020 मध्ये ब्रिटिश मंत्र्यांनी परवानगी दिली. हर्टफोर्डशायरमधील भक्तिवेदांत मॅनोरचेही असेच झाले होते. जॉर्ज हॅरिसन यांनी 1973 मध्ये हे घर हरेकृष्ण पंथाला दिले, त्याआधी तिथे परिचारिकांचे प्रशिक्षण चाले. जन्माष्टमीच्या गर्दीवरून गावकऱ्यांशी आणि पालिकेशी वर्षानुवर्षे वाद चालला, आणि 1996 मध्ये गावाला वळसा घालणारा स्वतंत्र रस्ता करण्याच्या अटीवर तो मिटला. यात आकस अजिबात नव्हता असे मी म्हणणार नाही, पण नियम मात्र सर्वांना तोच होता. आपल्या शासनाने आधी अर्ज केला असता तर निम्मा मनस्ताप वाचला असता, हे माझे मत. आंबेडकरांचे नाव 7 नोव्हेंबर 1900 रोजी ज्या सातारच्या शाळेत दाखल झाले तीही राजवाड्याच्या वास्तूत भरत होती. त्या वापरबदलासाठी मात्र कोणी अर्ज मागितला नसावा.

प्रश्न : आमच्या सासऱ्यांनी फार पूर्वी एका पारशी कुटुंबाकडून पाचगणीत जुना बंगला घेतला. जांभ्याच्या भिंती, चौफेर व्हरांडा, सहा खोल्या. पावसाळ्यात गळतो. धाकटे दीर म्हणतात, पाडून वीस खोल्यांचे हॉटेल बांधू. थोरले दीर म्हणतात, आहे तसा ठेवू. आमच्या यजमानांना होम-स्टे करावासा वाटतो. आपला सल्ला काय? (गृहिणी, सातारा)

उत्तर : धाकट्या दिरांना आधी नगरपरिषदेत जाऊन यायला सांगा. महाबळेश्वर-पाचगणी परिसर 2001 पासून केंद्र सरकारच्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. बांधकाम, उंची, वृक्षतोड या सर्वांवर बंधने आहेत. बंगला वारसा यादीत आहे का, आणि जमीन मालकीची आहे की सरकारी भाडेपट्ट्याची, हे दोन कागद पाहिल्याशिवाय एकही आराखडा काढू नये. गिरिस्थानातील कित्येक बंगले पट्ट्याच्या जागेवर आहेत आणि भांडणे तिथूनच सुरू होतात.

थोरल्या दिरांचे म्हणणे मनाला पटते, परंतु आहे तसा ठेवलेला बंगला आहे तसा राहत नाही, तो दर जूनमध्ये थोडा थोडा जातो. महाबळेश्वरचे साहेब लोक पावसाच्या तोंडावर घरे गवताच्या ताट्यांनी शाकारून खाली उतरत, आणि मागे माळी राहत असे. आता माळीही नाही.

म्हणून यजमानांच्या बाजूने कौल देतो, पण एका अटीवर : खोल्या वेगवेगळ्या देऊ नका, बंगला एका वेळी एकाच कुटुंबाला द्या. इंग्लंडमध्ये लँडमार्क ट्रस्ट ही संस्था 1965 पासून हेच करते. पडझड झालेल्या बुरुज-घरांची दुरुस्ती करून ती चार-आठ दिवसांसाठी सबंध भाड्याने देते, आणि खोलीत टीव्हीसुद्धा ठेवत नाही. सहा अनोळखी जोडप्यांना सहा न्हाणीघरे लागतील. एका घरच्या बारा माणसांना तीन पुरतात. बंगल्याला मागच्या बाजूने उघडणाऱ्या जुन्या मोऱ्या असतील. भंग्याने पुढच्या दाराने येऊ नये म्हणून साहेबाने ती मागची दारे ठेवली होती. कारण लाजिरवाणे होते, पण सोय आपल्या कामाची आहे : नवे नळ आणि सांडपाण्याची वाट त्याच बाजूने न्या, म्हणजे राहत्या खोल्यांच्या भिंती फोडाव्या लागणार नाहीत.

दुसरे, गवंडी सिमेंटचा गिलावा सुचवेल, त्याला नको म्हणा. जांभा पाणी पितो आणि चुन्याच्या गिलाव्यातून ते हळूहळू सोडतो. सिमेंट ती वाट बंद करते. परिचयातील एका बंगल्याला मालकांनी हौसेने बाहेरून सिमेंट केले, तेव्हा भिंती पहिली दोन वर्षे आरशासारख्या दिसत होत्या. तिसऱ्या पावसाळ्यात आतल्या बाजूने मिठासारखा पांढरा थर फुटला आणि तळहाताएवढे पोपडे पलंगावर पडू लागले. विलायतेतही मऊ विटांच्या घरांच्या सांध्यांत सिमेंट भरून हेच झाले, आणि आता तेच सिमेंट छिन्नीने काढून पुन्हा चुना भरण्याचे पैसे मोजले जात आहेत. चुन्याचे काम येणारे वयस्क गवंडी वाई-भोर भागात विचारल्यास अजून सापडतात. मजुरी जास्त घेतील, ती द्यावी.

आणि हे सर्व ठरेपर्यंत थांबू नका. येत्या मे महिन्यात, तिघा भावांचे एकमत झालेले असो वा नसो, एक माणूस छपरावर चढवून पन्हळीतला सिल्व्हर ओकचा पाला काढून घ्या, फुटकी कौले बदला, आणि व्हरांड्याच्या वाशांची टोके सुरीने टोचून पाहा. सुरी सहज आत गेली तर तेवढा वासा या पावसाळ्याआधी बदलावा लागेल.